कोरड्या कुरणासाठी माती परीक्षण सेवा : आकडे नीटनेटके, निदान अपुरे

वर्षानुवर्षे अतिचराई सोसलेल्या, कोरड्या प्रदेशातील एका कुरणाची माती मी शेतजमिनीसाठी चालवल्या जाणाऱ्या एका परीक्षण सेवेकडे तपासायला दिली होती. अहवाल वेळेवर आला आणि त्यात सामू (आम्ल-विम्लता), विद्युत वाहकता (यावरून क्षारता कळते), सेंद्रिय कर्ब, उपलब्ध नत्र, स्फुरद व पालाश यांचे आकडे सुबकपणे मांडलेले होते. त्यांच्या अचूकतेविषयी माझी तक्रार नाही. मात्र कुरणाचे दुखणे त्यांतून कळत नाही.

अतिचराईचा घाव मातीच्या रचनेवर बसतो. गवत विरळ झाले की पावसाचे थेंब उघड्या मातीवर आदळतात, सुट्या झालेल्या कणांनी छिद्रे बुजतात आणि वर टणक पापडी धरते. त्यातच माती ओली असताना खुरांनी वरचा थर दाबला गेला की पाणी मुरण्याऐवजी वाहून जाऊ लागते. नीलहरित शैवाल, शेवाळ आणि दगडफुलांचा जो सजीव थर मातीचे कण बांधून ठेवतो, तो तुडवला गेल्यावर वाऱ्यालाही मोकळे रान मिळते. प्रयोगशाळेत मात्र नमुना वाळवून, कुटून 2 मिलिमीटरच्या चाळणीतून गाळला जातो, म्हणजे जी रचना तपासायची ती तपासणीआधीच मोडलेली असते. चाळणीवर उरलेले खडे टाकून दिले जातात. वास्तविक धूप झालेल्या जमिनीत त्यांचे प्रमाण नोंदवायला हवे, कारण त्याशिवाय हेक्टरी कर्बसाठा काढता येत नाही.

नमुना घेण्याच्या सूचनाही शेतासाठीच लिहिलेल्या आहेत. नागमोडी चालत ठिकठिकाणची माती एकत्र करण्याची पद्धत नांगरलेल्या रानाला शोभते. ऱ्हास झालेल्या कुरणात कर्ब आणि नत्र झुडपांखाली साठतात व मधल्या उघड्या पट्ट्यांत घटतात. दोन्हींची माती मिसळली की येणारी सरासरी प्रत्यक्षात कुठल्याच जागेला लागू पडत नाही. सर्वांत फसवा ठरला तो पाणवठ्याजवळचा नमुना. तेथे जनावरे जमत असल्याने शेणमूत्रामुळे पोषकद्रव्ये वाढतात, त्यामुळे कुरणातील सर्वाधिक तुडवलेल्या जागेला ‘भरपूर’ असा शेरा मिळाला. उरलेल्या जागांसाठी खतमात्रा सुचवली आहे; पाणीच मुरत नसेल तर त्या खताचे गवताने काय करायचे, हे अहवाल सांगत नाही.

सेंद्रिय कर्ब आणि क्षारता पाहण्यापुरती ही सेवा जरूर घ्यावी, पण झुडपाखालचे, उघड्या पट्ट्यातले आणि पाणवठ्याजवळचे नमुने वेगवेगळे द्यावेत. त्याच्या जोडीला ज्ञात आकारमानाच्या नळीने काढलेली माती 105 अंश सेल्सिअसला वाळवून तिची स्थूल घनता, म्हणजे ठरावीक आकारमानातील कोरड्या मातीचे वजन, काढावी आणि 30 व 60 सेंटिमीटर व्यासाच्या, एकात एक बसवलेल्या दुहेरी कड्यांनी पाणी मुरण्याचा वेग मोजावा. शेतासाठी मी या सेवेला पाचपैकी चार गुण देईन, कुरणासाठी दोनच.