एक्सलचा बूट फाटला: स्प्लिट लावावा की अखंड?

पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला, रिमवर आणि आसपास काळं ग्रीस उडालेलं दिसलं की एक्सलच्या चाकाकडच्या जॉइंटवरचा, ग्रीस भरलेला रबरी बूट गेला हे कळतंच. खरा प्रश्न त्यानंतरचा: चिरलेला, जागेवरच गुंडाळून चिकटवायचा स्प्लिट बूट लावावा की बिनजोडाचा अखंड? मी दोन्ही करून बघितलंय, एकाच गाडीच्या त्याच डाव्या चाकाला, म्हणून लिहितोय. गाडी रत्नागिरीतली आहे आणि महिन्यातून दोन-तीनदा आंबा घाट चढून कोल्हापूरला जाते.

स्प्लिट बूटची सोय मोठी आहे, ते नाकारायचं कारण नाही. शाफ्टला चाकाच्या हबमध्ये धरणारा हब नट सोडायचा नाही, सस्पेन्शनचा बॉल जॉइंट ठोकायचा नाही, एक्सल जागेवरच. चाक काढा, फाटका बूट कापून टाका, नवा भोवती गुंडाळा, शिवणीला चिकटवणारं लावा, दोन क्लिपा आवळा. हब नटासाठी ३० किंवा ३२ चा सॉकेट आणि लांब दांडा घरात नसेल तर हाच मार्ग सुचतो. मीही आधी तोच लावला. दुपारच्या चहाच्या आत काम उरकलं.

माझं मन उडालं ते त्या शिवणीमुळे. पाकिटावर स्वच्छ लिहिलं होतं: कडा पूर्ण कोरड्या हव्यात, तेलाचा अंशही नको. पण जॉइंट म्हणजे ग्रीसचंच घर. जुनं कितीही पुसलं तरी बॉलच्या खाचांतून थोडं थोडं बाहेर येत राहतं. नवं ग्रीस भरल्याशिवाय बूट मिटवता येत नाही, आणि भरलं की बोटाचं, चिंधीचं, शाफ्टचं असं कुठून तरी ते कडेला लागतंच. गाडीखाली उताणं पडून चार वेळा कडा पुसल्या, पाचव्यांदा मिटवल्या. त्यात श्रावणातली दमट हवा. शिवण बसली मात्र छान, निदान दिसायला. कोल्हापूरच्या तिसऱ्या फेरीत साखरप्याला थांबलो तर रिमवर पुन्हा काळे शिंतोडे. स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर रबर जिथे सर्वांत जास्त ताणलं जातं, नेमकी तिथेच शिवण बोटभर उघडली होती.

ग्रीस बाहेर गेल्याचं एवढं वाटलं नाही, आत काय शिरलं याची धास्ती जास्त होती. आमच्याकडची तांबडी माती त्या ग्रीसमध्ये मिसळली की बोटांत चोळून बघा, व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखी खरखर लागते. त्या खरखरीत जॉइंटचे सहा बॉल फिरत असतात.

मग अखंड बूट आणला. चाक जमिनीवर असताना, मुलाला ब्रेक दाबून बसवून हब नट सोडला. खालचा बॉल जॉइंट सुटा केला आणि शाफ्ट हबमधून काढला. इथे एक्सल बाहेर ओढू नये, आधार देऊन धरावा, नाहीतर गिअरबॉक्सकडच्या जॉइंटमधला तीन रोलरचा ट्रायपॉड वाटीतून निसटतो. बाहेरचा जॉइंट लाकडाचा ठोकळा धरून हातोडीने ठोकून उतरवला. अर्धा दिवस गेला हे मान्य. पण जॉइंट हातात आला तेव्हा तो डिझेलमध्ये धुतला, बॉल धरून ठेवणारा पिंजरा तिरका करून एकेक बॉल काढला आणि खाचांवरून नख फिरवलं. नख कुठे अडकलं नाही तेव्हा जीव भांड्यात पडला. स्प्लिट बूट लावताना हे बघताच येत नाही. जुन्या मातीवरच नवं ग्रीस भरलं जातं.

ग्रीस किटमधलंच वापरावं, मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं, काळसर. अर्धं जॉइंटमध्ये दाबून, उरलेलं बूटमध्ये. बारकी क्लिप आवळण्याआधी बूटच्या ओठाखाली पातळ स्क्रू ड्रायव्हर सरकवून आतली हवा सोडून द्यायची, म्हणजे बूट फुगून राहत नाही. क्लिपच्या जागी केबल टाय नको. हब नट नवा घ्यावा आणि त्याची कड शाफ्टच्या खोबणीत ठोकून बसवायला विसरू नये.

पूर्ण वळणावर कट-कट आवाज सुरू झाला असेल तर मात्र कुठलाही बूट लावून फारसा उपयोग नाही, तेव्हा जॉइंट किंवा अख्खा एक्सलच बघावा लागतो. आवाज नसेल तर, माझ्या मते, कंपनीचा मूळ जॉइंट सोडून स्वस्तातला एक्सल बसवायची घाई करू नये. शेजाऱ्यांनी तसा बसवला आणि चढावर ॲक्सिलरेटर दाबला की स्टेअरिंग थरथरायला लागलं. सगळ्यांना तसाच अनुभव येईल असं नाही.

स्प्लिट बूटही मी अगदी टाकाऊ म्हणणार नाही. कोरड्या हवेच्या गावी, सावकाश चालणाऱ्या गाडीला किंवा दोन महिन्यांत विकायच्या गाडीला तो चालून जाईल. ज्यांना गाडी घाटात न्यायची आहे, त्यांनी एकदा अर्धा दिवस काढावा. गॅरेजवाला स्प्लिट सुचवत असेल तर मजुरी थोडी जास्त देऊ, पण अखंड लावा, असं त्याला सांगून बघावं.

डाव्या चाकाच्या अखंड बूटने दोन पावसाळे काढले, रिम आतून कोरडी आहे. उजव्या बूटच्या घड्यांत आता बारीक भेगा दिसायला लागल्यात. गणपतीच्या आधी तो बदलायचाय. किट आणून ठेवलंय, अखंडच.