जुनी बुलेट की जुनी येझदी? खान्देशात इंजिन बांधायचं तर

कास्ट आयर्न (बिडाच्या इंजिनाची जुनी) बुलेट 350 घ्यावी की येझदी 250, यावर जळगाव-धुळ्याकडे वाद निघाला की तो आवाजावरच अडकतो. आवाज दोघींचाही झकास. फरक कळतो इंजिन खोलल्यावर.

येझदी वरवर सोपी. टू-स्ट्रोक, 248.5 सीसी, ना व्हॉल्व्ह ना ते उघडणारे टॅपेट. पण क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या) दोन बाजूंना ऑइल सील (गळती अडवणाऱ्या कड्या) असतात आणि सगळी मेख तिथेच. क्लचकडचं सील गेलं की इंजिन गिअर ऑइल ओढतं, धुराचा लोट निघतो, खाली थेंबही न पडता ऑइल कमी होतं. पॉइंटकडचं (ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या बाजूचं) गेलं तर हवा आत शिरते, रेस आपोआप चढते आणि पिस्टन तापतो. हे जास्त वाईट, कारण धूर दिसतो, हवा दिसत नाही. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या रॉडचं बेअरिंग बदलायचं तर क्रँक प्रेसवर खोलून पुन्हा सरळ बसवावा लागतो. हातोडीवाल्या मिस्त्रीचं हे काम नव्हे.

त्यात आपलं ऊन. मे महिन्यात भुसावळला पारा 45 च्या पुढे जातो. येझदीच्या पिस्टनला ऑइल मिळतं ते पेट्रोलमधून, लिटरला साधारण 40 मिली. कन्नड घाट चाळीसगावकडे उतरताना गिअरमध्ये रेस बंद ठेवली, की पेट्रोलसोबत ऑइलही आटतं. चढापेक्षा उतारावर पिस्टन जाम झाला तर नवल वाटून घेऊ नका.

बुलेटचं 346 सीसी इंजिन फोर-स्ट्रोक, म्हणून पार्ट जास्त आणि बिलही लांब. क्रँक जुळवायला इथेही जाणता माणूस लागतोच. पण ही गाडी आधी सांगून मग बिघडते. टॅपेट वाजतात, ऑइल गळतं. (ऑइल न गळणारी जुनी बुलेट दिसली तर आधी आत ऑइल आहे का ते बघा.) विकत घेताना इंजिन चालू ठेवून रॉकरच्या (डोक्यावर व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाच्या) ऑइल पाइपचा बोल्ट किंचित सैल करा. ऑइल झिरपलं तर पंप वर माल पोचवतोय. कोरडं दिसलं तर भाव पाडा.

पार्टच्या बाबतीत बुलेट सरळ पुढे. येझदीचा म्हैसूरचा कारखाना 1996 ला बंद पडला आणि 2022 ची नवी येझदी वेगळीच गाडी आहे, तिचा पार्ट हिला बसत नाही.

इथेनॉलवालं पेट्रोल दोघींनाही सोसत नाही. उभ्या येझदीला जास्त बाधतं: ते ओलावा धरतं, आणि तिचं मिश्रण थेट क्रँकच्या बेअरिंगवरून जातं.

रोज शेत-बाजार करायचा असेल तर बुलेट घ्या, भाऊ. येझदी त्यानेच घ्यावी ज्याच्या ओळखीत हात बसलेला लेथवाला आहे आणि जो गाडी आठवड्याला बाहेर काढेल. कोणतीही घ्या, पिस्टन आधी विकत आणा, तो लेथवाल्याच्या हातात द्या आणि त्या पिस्टनच्या मापानेच सिलिंडर बोअर करून घ्या. नवं बांधलेलं इंजिन हळू चालवून मोकळं करायला उन्हाळा टाळा, पोळ्यानंतरचे दिवस बरे.