220 012-4 क्रमांकाचं इंजिन कधी नव्हतंच

जुनी जर्मन रेल्वे मॉडेलं विकत घेत असाल तर हे वाचा. माझे 240 युरो यात बुडालेत.

मला हवं होतं व्ही 200 या डिझेल इंजिनाचं मॉडेल, एचओ मापाचं, म्हणजे 1:87. खरं इंजिन म्युनिकच्या क्राउस-माफाइ कंपनीचं. 1953 पासून पाच नमुना इंजिनं निघाली, पुढे एकूण संख्या 86 झाली. हायड्रॉलिक ट्रान्समिशन, प्रत्येकी 1100 अश्वशक्तीची दोन डिझेल यंत्रं, वेग ताशी 140 किलोमीटर. लाल रंग आणि नाकावरचा तो भला मोठा ‘व्ही’! पश्चिम जर्मनीत वाफेची इंजिनं असताना हे रुबाबात एक्सप्रेस ओढायचं.

जाहिरातीत होतं: ‘मर्यादित आवृत्ती, क्रमांक 220 012-4, न चालवलेलं, मूळ खोक्यासह, दोन रुळांच्या ट्रॅकसाठी’. विक्रेता खासगी आणि बोलायला गोड. दुसरं गिऱ्हाईक थांबलंय, म्हणून पैसे ऑनलाइन पेमेंटच्या ‘मित्र-नातेवाईकांना पाठवा’ या पर्यायातून लगेच पाठवा, असा त्याचा लकडा. त्या पर्यायात खरेदीदाराला संरक्षण नसतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मॉडेल रुळांवर ठेवताच शॉर्टसर्किट. उलटं केलं तर पोटाखाली स्क्रूची रिकामी भोकं. मुळात ते मार्क्लिन या जर्मन कंपनीच्या तीन वाहकांच्या (दोन रूळ आणि मधला वाहक) पद्धतीचं, साधं, ढिगानं मिळणारं मॉडेल. मधल्या वाहकावरून वीज घेणारी पट्टी काढून टाकलेली. चाकं मात्र तीच, एका बाजूचं दुसऱ्यापासून विलग न केलेली. दोन रुळांच्या ट्रॅकवर दोन रूळ हेच विजेचे दोन ध्रुव, म्हणून शॉर्टसर्किट. तिरप्या उजेडात धरलं तर नव्या क्रमांकाखाली खरवडलेला जुना क्रमांकही दिसतो. खोकं रंगीत प्रिंटरवर छापलेलं.

खरी गंमत त्या शेवटच्या 4 मध्ये आहे. 1968 मध्ये संगणकासाठी नवे क्रमांक आले, व्ही 200 चा 220 वर्ग झाला आणि शेवटी पडताळणीचा अंक जोडला गेला. आधीचे सहा अंक ओळीनं 1, 2, 1, 2 असे गुणायचे. गुणाकार दोन अंकी आला तर त्याचे अंक सुटे मिळवायचे. बेरीज पुढच्या दहाच्या पटीला जितकी कमी पडते, तो शेवटचा अंक. 220 012 ची बेरीज 11, म्हणून अंक 9. जाहिरातीतला फोटो मोठा करून हे दोन मिनिटांत तपासता येतं. तसंच, क्रमांक ‘व्ही 200’ आणि रंग निळा-बदामी असेल तर तेही संशयास्पद, कारण ती रंगसंगती 1974 ची.

‘खासगी विक्री, माल परत घेणार नाही’ या वाक्याला घाबरू नका. दोष मुद्दाम लपवला असेल तर जर्मन नागरी कायद्याच्या कलम 444 नुसार विक्रेत्याला त्यामागे लपता येत नाही. जाहिरातीचे, संदेशांचे, खोक्याचे फोटो जपून ठेवा. पोलिसांत ऑनलाइन तक्रार करता येते. मी केली आहे, पैसे अजून आलेले नाहीत.

दरम्यान, नव्या नावाच्या खात्यावर एक जाहिरात झळकली आहे. टेबलावरचं मेणकापड तेच, क्रमांक 220 058-4. हिशेबानं तिथे 2 हवा.