मराठी पत्त्यांना वर्डप्रेस कितपत पुरतं? पर्मालिंक यंत्रणेची पारख

नागपूर जिल्ह्यातल्या गावा-वस्त्यांची माहिती देणारं मराठी पोर्टल घ्या: वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर चालणारं, पानांचे कायमचे वेबपत्ते (पर्मालिंक) देवनागरीत असलेलं. धरमपेठ, महाल आणि काटोलची पानं झटकन उघडतात. सीताबर्डी आणि इतवारीवर मात्र ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही'. पाचही पानांचं टेम्प्लेट (मांडणीचा साचा) एक, पत्ता कोणत्या पानाचा ते ठरवणारा रीराइट नियमही एकच. अशा वेळी आधी होस्टिंगवाल्याला फोन जातो, मग कॅश साफ होते, आणि दुखणं जागच्या जागी राहतं. कारण ते नियमात लिहिलेल्या [अ-ह]+ मध्ये, म्हणजे 'अ ते ह मधली अक्षरं' या अटीत आहे.

वर्डप्रेस पत्ता जुळवताना रेग्युलर एक्स्प्रेशनला (अशी अट सांगणाऱ्या सूत्राला) युनिकोडचा यू मॉडिफायर, म्हणजे पूर्ण अक्षर ओळखायला सांगणारी खूण, लावत नाही. त्यामुळे तुलना अक्षरांची न होता बाइटांची होते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मात्रासुद्धा, ३ बाइटांचं असतं. [अ-ह] हा पट्टा बाइटांत मोजला तर १३३ ते २२४ असा निघतो. ी, ु, ू, ृ यांचे शेवटचे बाइट १२८ ते १३१, आणि अनुस्वाराचा १३०. म्हणजे दुसरी वेलांटी, दोन्ही उकार आणि अनुस्वार पट्ट्याबाहेर; काना, पहिली वेलांटी आणि एक मात्रा आत. म्हणून रामटेक चालतं, नागपूर पडतं. उपाय एका ओळीचा आहे: [^/]+, म्हणजे पुढची तिरकी रेघ येईपर्यंत काहीही. इंग्रजी ट्युटोरियलमधून उचललेला 'रोमन अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ' हा वर्ग तर मराठी पत्त्याला अजिबात लागू पडत नाही.

यंत्रणेच्या बाजूने एक गोष्ट नोंदवायला हवी. प्रत्येक नियम ती दोनदा लावून पाहते: आधी ब्राउझरकडून आलेल्या, टक्केचिन्हांनी भरलेल्या (प्रत्येक बाइट %E0 असा तीन जागांत लिहिलेल्या) पत्त्याला आणि मग उलगडलेल्या देवनागरी पत्त्याला. त्यामुळे ^वस्ती/([^/]+)/?$ असा सरळ मराठी नियम लिहिता येतो आणि तो चालतो. सुरुवात दाखवणाऱ्या ^ नंतर लगेच तिरकी रेघ मात्र देऊ नका. जुळवणीआधी ती छाटली जाते, त्यामुळे तसा नियम कधीच जुळत नाही.

या सोयीची किंमत टेम्प्लेटमध्ये मोजावी लागते. नियमात देवनागरी शब्द असेल तर दुसऱ्या फेरीत जुळणी होते आणि क्वेरी व्हेरिएबलमध्ये (पत्त्यातून काढलेलं मूल्य ठेवायच्या जागेत) 'महाल' असं साधं मूल्य येतं. नियमाचा पहिला भाग रोमन असेल तर पहिल्याच फेरीत जुळतं आणि हाती टक्केचिन्हांची माळ येते. मग टेम्प्लेटमधली 'महाल असेल तर' ही अट खोटी ठरते, पान उघडतं पण रिकामं. तुलना करण्याआधी मूल्य रॉ-यूआरएल-डिकोड या टक्केचिन्हं उलगडणाऱ्या फंक्शनमधून काढायची सवय लावली की दोन्ही रूपं एक होतात. व्हेरिएबलचं नाव क्वेरी व्हार्स फिल्टरमध्ये (मान्य नावांच्या यादीत) नोंदवलेलं नसेल तर मूल्य गुपचूप फेकलं जातं, एररही येत नाही. आणि नियमाचा उजवा भाग एकेरी अवतरणातच लिहा; दुहेरीत पीएचपी (वर्डप्रेस जिच्यात लिहिलंय ती भाषा) जुळलेला तुकडा आणणाऱ्या $मॅचेसला स्वतःचं व्हेरिएबल समजून जागा रिकामी करते.

यंत्रणेचा सगळ्यात फसवा भाग म्हणजे 'इज पेज', 'हे अमुक पान आहे का' विचारणारी अट. तिला 'सीताबर्डी' दिलं तर ती आयडी (पानाचा क्रमांक), शीर्षक आणि स्लग (पत्त्यातलं पानाचं नाव) या तिन्हींशी ताडून पाहते. डेटाबेसमध्ये स्लग टक्केचिन्हांच्या रूपात असतो, त्यामुळे तिथे जुळणी होत नाही, शीर्षकाशी होते. सहा महिने सगळं सुरळीत चालतं. मग संपादक शीर्षक 'सीताबर्डी बाजार' करतो आणि पानाचा साइडबार गायब होतो. आयडी द्या, नाहीतर शब्द सॅनिटाइझ टायटल या स्लग बनवणाऱ्या फंक्शनमधून काढून द्या. स्लगच्या नावाच्या टेम्प्लेट फाइलबाबत मात्र तक्रार नाही. आवृत्ती ४.७ पासून देवनागरी नावाची फाइल आधी शोधली जाते.

आता लांबी. डेटाबेसमध्ये स्लगला २०० अक्षरांची जागा आहे आणि देवनागरीचं एक चिन्ह टक्केरूपात ९ जागा खातं. हिशेब २२ चिन्हांवर संपतो, मात्रा आणि हलन्त धरून. 'दीक्षाभूमी धम्मचक्र प्रवर्तन दिन वाहतूक' या शीर्षकाचा स्लग 'दीक्षाभूमी-धम्मचक्र-प्रव' इथे बरोबर २०० वर कापला जातो. त्याच दिवशी 'दीक्षाभूमी धम्मचक्र प्रवर्तन दिन गर्दी' ही बातमी टाकली तर तिचाही स्लग तिथेच तुटतो, आणि वेगळेपणासाठी शेपूट लावताना आणखी एक अक्षर जातं: 'दीक्षाभूमी-धम्मचक्र-प्र-2'. बातम्यांच्या साइटला हा दोष जाचक आहे. मराठी पत्ता ठेवायचा तर सुटका एकच, स्लग हाताने लिहिणे. 'हिवाळी-अधिवेशन' ११८ मध्ये बसतं. 'सीताबर्डी' ८१ घेते, 'बर्डी' ४५. नागपूरकर तसंही बर्डीच म्हणतो, तेव्हा इथे बोलीचा फायदा घ्यावा.

'ॲप' हा शब्द कुणाच्या कीबोर्डवर एकाच चिन्हाने उमटतो, तर कुणाच्या 'अ' वर चंद्र देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच, यंत्रणेला दोन वेगळे पत्ते. युनिकोडचं सामान्यीकरणही त्यांना एक करत नाही. मेन्यूतली लिंक टाइप करू नका, पानाच्या यादीतून निवडा.

४०४ आलं की आधी पानाचं रूप पाहा. साइटच्या थीममधलं ४०४ असेल तर विनंती वर्डप्रेसपर्यंत पोचली आहे, नियम तपासा. सर्व्हरचं कोरं पान असेल तर वर्डप्रेसला काही कळलेलंच नाही: अपाची सर्व्हर असेल तर मॉड रीराइट आणि अलाऊ ओव्हरराइड ही सेटिंगं, एनजिनएक्स सर्व्हर असेल तर ट्राय फाइल्सची ओळ बघा. एनजिनएक्सवर पर्मालिंक कितीदाही सेव्ह केले तरी सर्व्हरची फाइल बदलत नाही. नवा नियम कोडमध्ये घातल्यावर मात्र सेटिंग्जमधलं पर्मालिंकचं पान एकदा सेव्ह करावंच लागतं, कारण नियम डेटाबेसमध्ये साठवलेले असतात. हे टाळायला काही जण फ्लशचं (नियम नव्याने साठवायचं) फंक्शन दर विनंतीला चालवतात. साइट जड होते ती इथे.

नियम साठवला आहे आणि तरीही दुसरंच पान उघडतं? तो यादीत खाली आहे. नियम नोंदवताना 'टॉप' सांगितलं नाही तर तो तळाशी जातो आणि वरचा पानांचा सर्वभक्षी नियम आधी जुळतो. क्वेरी मॉनिटर हे फुकट प्लगइन कोणता नियम लागला ते रिक्वेस्टच्या रकान्यात दाखवतं. वर्डप्रेसची कमांड लाइन असेल तर रीराइट लिस्ट या आज्ञेला मॅच हा पर्याय देऊन तेच कळतं. तपासणीच्या काळात ४०४ चा अंदाज बांधून भलत्याच पानावर नेणारी सोय बंद ठेवा. वर्डप्रेस ५.५ पासून त्यासाठी फिल्टर आहे. ती चालू असली की चुकीचा नियमही बरोबर वाटतो.

दुकान, मेस, क्लास अशी वीस-पंचवीस पानांची मराठी साइट असेल तर ही यंत्रणा डोळे मिटून घ्यावी. रोज चाळीस बातम्या टाकणाऱ्यांनी मराठी शीर्षकावरून आपोआप स्लग बनू देऊ नये. पत्त्यात पोस्टचा आयडी ठेवावा आणि मराठी फक्त शीर्षकात राहू द्यावं.