टिळकवाडीतला अमेरिकेच्या राज्यघटनेचा वर्ग : सीमाभागातल्या माणसानं करावाच असा

बेळगावच्या टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटजवळ एका वाचनालयाच्या माडीवर रविवारी संध्याकाळी अमेरिकेची राज्यघटना मराठीतून शिकवतात. फी पाचशे रुपये, त्यात झेरॉक्स नोट्स आणि चहा. बहुतेक मुलं स्पर्धा परीक्षेची. मी खानापुरात तहसीलदार कचेरीबाहेर अर्ज लिहून देते. उतारे, फेरफार, हद्दीची मोजणी यातच माझा दिवस जातो, आणि त्यामुळेच हा वर्ग मला इतका भिडला.

शिकवणारे सर निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांनी सुरुवात केली ती रिकाम्या तिजोरीपासून. १७८१ साली तेरा राज्यांनी जो पहिला करार लागू केला, त्यात काँग्रेसला, म्हणजे सगळ्या राज्यांच्या प्रतिनिधींच्या मध्यवर्ती सभेला, कर बसवायचा अधिकारच नव्हता. राज्यांकडे पैसे मागायचे, दिले तर दिले. आयात मालावर पाच टक्के जकात घेऊ म्हटलं, तर १७८२ मध्ये ऱ्होड आयलंडनं नकार दिला आणि बेत बारगळला, कारण करारात बदल करायला तेराही राज्यांचा होकार लागायचा. पुढं १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांनी जप्त्या थांबवायला कोर्टंच बंद पाडली. तेव्हा कुठं पुढाऱ्यांना जाग आली.

सगळ्यात रंगला तो वायोमिंग खोऱ्याचा रविवार. सस्क्वेहाना नदीकाठच्या या जमिनीवर कनेक्टिकट आणि पेन्सिल्वेनिया, दोघांचा दावा. दोघांकडे एकाच राजाची सनद : इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सनं एकाला १६६२ साली दिलेली, दुसऱ्याला १६८१ साली. जुन्या कराराच्या नवव्या कलमाखाली ट्रेंटनला न्यायमंडळ बसलं आणि ३० डिसेंबर १७८२ ला निकाल पेन्सिल्वेनियाच्या बाजूनं लागला. कारणं दिलीच नाहीत. राज्य कुणाचं ते ठरलं. पण कनेक्टिकटकडून जमिनी घेऊन तिथं घरं बांधून राहिलेल्यांच्या मालकीचं काय, हे तसंच राहिलं. मारामाऱ्या झाल्या, आणि त्या लोकांचे हक्क मार्गी लावणारा कायदा पेन्सिल्वेनियानं केला तो १७९९ साली. सर हे सांगत होते तेव्हा मला माझ्या टेबलावरचे कागद दिसत होते. आजोबांचा उतारा मराठीत, नातवाचा कन्नडमध्ये, आणि मधल्या एका फेरफारात नाव चुकलेलं. राज्य बदललं की रेष नकाशावर एका दिवसात सरकते, माणसाच्या कागदावर मात्र पिढ्या जातात.

नवी घटना जिथं लिहिली गेली ती फिलाडेल्फियाची १७८७ ची सभा सरांनी आमच्याकडूनच करवून घेतली. प्रत्येक बाकाला एक राज्य. माझा बाक डेलावेअर : १७९० च्या खानेसुमारीत जेमतेम ५९,००० माणसं, तर व्हर्जिनियात सुमारे ७,४७,०००. लोकसंख्येवर जागा वाटल्या तर आम्हाला कोण विचारणार? १६ जुलैला तडजोड झाली ती राज्यांच्या पाच विरुद्ध चार मतांनी, मॅसॅच्युसेट्सची मतं दुभंगलेली. खालचं सभागृह लोकसंख्येवर, वरच्यात प्रत्येक राज्य समान. न्यूयॉर्कचा बाक सरांनी रिकामा ठेवला होता, कारण त्यांचे दोघं आधीच निघून गेले होते. मतं मोजताना अख्खा वर्ग उठून उभा राहिला.

तक्रारही आहे. गुलामगिरीवर सर घाईनं गेले. पाच गुलाम म्हणजे तीन माणसं असा हिशेब जागांसाठी घातला, माणसं आणून विकायचा धंदा १८०८ पर्यंत राखून ठेवला, आणि हे अर्ध्या तासात उरकलं. व्हर्जिनियाच्या त्या ७,४७,००० मध्ये जवळपास २,९२,००० गुलाम होते. ती घटना कुणाच्या पाठीवर उभी राहिली, याला एक पूर्ण रविवार हवा. नोट्समधला नकाशाही इतका काळपट की खोरं कुठलं, नदी कुठली कळत नाही.

पण शेवटच्या भागासाठी मी सगळं माफ करीन. अमेरिकेच्या घटनेचं चौथं कलम सांगतं की एखाद्या राज्याच्या जमिनीतून नवं राज्य काढायचं, तर त्या राज्याच्या विधिमंडळाची संमती लागेल. म्हणून न्यूयॉर्क ज्याच्या जमिनीवर दावा सांगत होतं त्या व्हर्मॉन्टला न्यूयॉर्कशी बोलणी करावी लागली, ३०,००० डॉलर मोजावे लागले, आणि १७९१ मध्ये ते चौदावं राज्य झालं. आपल्या घटनेच्या तिसऱ्या कलमात संसद साध्या कायद्यानं सीमा बदलते. विधिमंडळाला मत विचारतात, पण ते बांधील नसतं. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि त्यातला चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला, तो अशाच कायद्यानं. सरांनी दोन्ही कलमं फळ्यावर शेजारी-शेजारी लिहिली. मग एका मुलीनं विचारलं की दोन्हीकडे विचारलं जातं ते विधिमंडळाला, गावाला विचारायचं कलम कुठं आहे? सरांनी खडू खाली ठेवला आणि सांगितलं, दोन्हीत नाही. तिथून जी चर्चा सुरू झाली ती जिना उतरेपर्यंत चालली. माझ्याबरोबर आलेली कन्नड मैत्रीण त्यात सगळ्यात जास्त बोलली, आणि सरांनी तिला कन्नडमधूनच उत्तरं दिली.

पुढचा वर्ग दिवाळीनंतर आहे. नोट्स कन्नडमध्येही काढा आणि नकाशा मोठा छापा, हे मी लेखी दिलंय. खानापूरकडं जाणाऱ्यांनी बसची वेळ आधी बघून ठेवावी, वर्ग वेळेवर सुटत नाही.