गोव्याच्या पावसाळ्यात वाचायचे कशावर: कागदावर की ई-रीडरवर?

यंदा जूनपासून चवथीपर्यंत माझी नऊ पुस्तके वाचून झाली. त्यांपैकी दोन रहस्यकथा, तीन पिढ्यांची एक जाडजूड कादंबरी, एका नाट्यकर्मीचे आत्मचरित्र आणि एक ललितलेखसंग्रह ही पाच मी ई-रीडरवर वाचली. गोव्याच्या इतिहासावरचा एक ग्रंथ, एक प्रवासवर्णन आणि दोन कवितासंग्रह ही चार कागदावर. ही वाटणी मी ठरवून केली नव्हती, परंतु यापुढे बहुधा तशीच राहील. ई-रीडर घ्यावा की तेवढ्याच पैशांत पंचवीस-तीस पुस्तके घ्यावीत, या विचारात जे असतील त्यांच्यासाठी, आणि विशेषतः जे गोव्यातच राहतात त्यांच्यासाठी, हा अनुभव लिहीत आहे. पुण्याच्या कोरड्या हवेत राहणाऱ्या वाचकाचा निष्कर्ष वेगळा निघू शकेल.

रहस्यकथेच्या बाबतीत मला फारसा संशय उरलेला नाही. फोंडा ते पणजी या बसप्रवासात, खिडकीचे शटर पावसामुळे ओढलेले आणि आतला दिवा नावापुरता लागलेला असताना, ई-रीडरचा मंद प्रकाश पुरतो आणि एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने पान उलटता येते. कादंबरीचे मात्र तसे झाले नाही. आरंभी दिलेली वंशावळ सहा इंचांच्या पडद्यावर मुंगीच्या पायांएवढी दिसत होती, आणि बाणस्तारीच्या पुलापाशी पोहोचेपर्यंत ‘हा नेमका कोणाचा भाचा’ हे विसरून मागे जावे, तर ‘उजव्या पानावर, वरच्या बाजूला वाचले होते’ ही आपली नेहमीची खूण येथे निरुपयोगी ठरते. येथे पाने नसतात, टक्के असतात. अखेर वंशावळ मी कागदावर उतरवून यंत्राच्या वेष्टनात ठेवली, आणि कागदावाचून काम चालत नाही हे मला मान्य करावे लागले.

कवितेच्या बाबतीत तर कागदाला पर्याय नाही, असे माझे मत झाले आहे. अक्षर थोडे मोठे केले की ओळ मध्येच तुटते आणि उरलेला एक शब्द खालच्या ओळीत एकटाच जाऊन बसतो. ओवीचा चौथा चरण आखूड असतो हे ठाऊक असलेल्या वाचकालाही मग कवीने कोठे थांबवले आणि यंत्राने कोठे, हे ओळखता येत नाही. इतिहासग्रंथात तळटिपा आणि नकाशे असतात, त्यामुळे तेथेही कागदच बरा. शिवाय गोव्यातून प्रसिद्ध झालेली अनेक जुनी मराठी पुस्तके ई-स्वरूपात मिळतच नाहीत, आणि जी मिळतात त्यांतली काही छापील पानांची छायाचित्रे असल्याने त्यांतले अक्षर मोठे होत नाही, पानच सरकत राहते.

इथवरचा हिशेब कागदाच्या बाजूने झुकतो, हे मी नाकारत नाही. तरीही माझा निर्णय झाला तो एका निराळ्या त्रासामुळे.

आमचे घर चिऱ्याचे, म्हणजे जांभ्या दगडाचे, आहे आणि पुस्तकांचे कपाट अनेक वर्षे पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीला टेकलेले होते. गोव्यात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि चिरा तो पाऊस शोषून घेतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ सत्तर टक्क्यांच्या वर राहिली की कागदावर बुरशी धरते, आणि आपल्याकडे जुलैत ती ऐंशीच्या खाली क्वचितच उतरते. दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये मी खालच्या खणातून एक आवडते आत्मचरित्र काढले. कडेला हिरवट-पांढरे ठिपके होते. ते पुसता आले असते. मधली छायाचित्रांची गुळगुळीत पाने मात्र ओल लागून एकमेकांना चिकटली होती. मी ती अगदी हलक्या हाताने सोडवू लागलो, तर एका पानावरचा चेहरा सोलून दुसऱ्या पानाला लागला. ते पुस्तक आता छापात नाही.

डांबराच्या गोळ्या, वेखंड, कडुनिंबाचा पाला हे सर्व करून झाले होते. त्याने कसर कदाचित दूर राहत असेल, बुरशीला त्याचे काहीच वाटत नाही. पूर्वी कपाटात चाळीस वॅटचा पिवळा दिवा लावून ठेवत असत. हल्लीच्या एलईडी दिव्यांना तेवढी ऊब नसते. पुस्तकांच्या वासाविषयी जे हळवेपणाने लिहितात, त्यांनी एकदा श्रावणात आमचे कपाट उघडून पाहावे. मला तर लागोपाठ शिंका येतात. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली ज्या गोव्यात आला, त्याच गोव्याची हवा कागदाला मानवू नये, याला काय म्हणावे!

दुसरे कारण घरगुती आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर माझ्या आईने छापील पुस्तक जवळजवळ सोडले होते. मी ई-रीडरवरचे अक्षर मोठे करून दिले, तेव्हा तिने तो ललितलेखसंग्रह माझ्याआधी संपवला. ओळी तुटल्याची तक्रार तिने केली नाही. गद्याला त्याने बिघडत नाही.

कागदी पुस्तक शेजाऱ्याला वाचायला देता येते, हा त्याचा मोठा गुण आहे. ते परत येत नाही, हा त्याच गुणाचा दुसरा भाग. आणि ज्याला दोन्हींवर खर्च नको असेल, त्याला पणजीत पाटो येथे कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहेच. १८३२ साली स्थापन झालेली ही संस्था बसस्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. संदर्भासाठी मी तेथेच जातो.

तेव्हा वर्षाला पंधराहून अधिक पुस्तके वाचणाऱ्याने, त्यांत गद्य अधिक असेल तर, आधी ई-रीडर घ्यावा असे मला वाटते. प्रामुख्याने कविता वाचणाऱ्याने माझे ऐकू नये. महादेवशास्त्री जोशी यांच्या भारतीय संस्कृतिकोशाचे दहा खंड माझ्याकडे कागदावरच राहतील, मात्र कपाट आता आतल्या भिंतीशी, वीतभर अंतर सोडून ठेवले आहे. कागदी पुस्तके नव्याने घ्यायची झाल्यास ती भर पावसात घरपोच मागवू नयेत. इतिहासग्रंथाचा दुसरा खंड मी डिसेंबरात घेणार आहे.