७०-२०० एफ/२.८ : तुळशीच्या लग्नापासून मारबतीपर्यंत

"एवढं धूड कशाला?" ७०-२०० मिमी, एफ/२.८ ची झूम लेन्स पाहून हा प्रश्न लग्नात हमखास येतो. उत्तर साध्या भागाकारात आहे. लांब टोकाची फोकल लांबी २०० मिमी, तिला एफच्या पुढच्या २.८ ने भागा, ७१ मिमी येतात. प्रकाश आत यायला तेवढं तोंड हवंच. म्हणून फिल्टर ७७ मिमीचा, डीएसएलआरच्या लेन्सचं वजन दीड किलोच्या घरात आणि फुल फ्रेम बॉडीसकट जवळपास अडीच. पट्टा लेन्सच्या कॉलरला, म्हणजे तिच्याभोवतीच्या कड्याला, अडकवावा. बॉडीला अडकवला की सगळा भार माउंटवर, म्हणजे लेन्स-बॉडीच्या जोडावर, येतो.

नागपूरला वर्धा रोडच्या लॉनवर रात्रीची मंगलाष्टकं सुरू झाली की हे वजन वसूल होतं. १/२०० सेकंदाच्या शटरला इथे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० पुरतो. स्वस्त झूम लांब टोकाला एफ/५.६ वर अडते, तिला त्याच फोटोसाठी १२८०० लागतो आणि शालूच्या जरीचा चिखल होतो. स्टॅबिलायझरने काम भागेल, असं समजू नका. तो आपल्या हाताची थरथर सांभाळतो, अक्षता टाकणाऱ्याच्या हाताची नाही.

आता खोड. ५ मीटरवरून २०० मिमी, एफ/२.८ ला फोकसची खोली जेमतेम १० सेंमी. नवरीचे डोळे धारदार, अर्धं पाऊल मागे उभे नवरदेव धूसर. जोडीसाठी एफ/५.६ वर जावंच लागतं, मग फ्लॅश आलाच.

उमरेड-कऱ्हांडल्याच्या अभयारण्यात २०० मिमी तोकडी पडते. १.४ पटीचा कन्व्हर्टर (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसून फोकल लांबी वाढवणारा जोड) लावला तर २८० एफ/४ मिळते, ते ठीक. २ पटीचा लावला तर ४०० एफ/५.६, पण फोकस रेंगाळतो. मे महिन्यात ऊन चढलं की तापलेल्या जमिनीवरची हवाच लहरते. १०० मीटरवरचं जनावर कितीही महाग काचेतून धूसरच येणार. लेन्स टेकवायच्या बीन बॅगेत दीड-दोन किलो मूग भरावेत, ती जिप्सीच्या दांडीवर ठेवावी आणि इंजिन बंद करायला सांगावं. कॅननच्या मोठ्या लेन्सचा पांढरा रंगही मिरवायला नाही, उन्हात नळी कमी तापावी म्हणून आहे. नागपूरच्या ४५ अंशांत ते पटतं.

जिप्सीत लेन्स बदलू नये. धूळ आधी ब्लोअरने उडवावी, मग ब्रश, कापड शेवटी. थेट कापडाने पुसलं तर कोटिंगवर ओरखडे पडतात.

पावसाळ्यात खरा शत्रू बुरशी. बॅगेचा फोम ओल धरतो, त्यामुळे लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवावी. डब्यात २००-३०० रुपयांचा हायग्रोमीटर टाकून आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत राखावी. जेलचे मणी रंग बदलले की तव्यावर मंद आचेवर सुकवून पुन्हा वापरता येतात.

आणि मारबतीला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या नागपूरच्या मिरवणुकीला? इतवारीच्या गल्लीत गर्दी अंगावर येते, तिथे ७० मिमीसुद्धा लांब पडते. त्या दिवशी २४-७० न्यावी, ही घरी डब्यात.